पाचवी तार

एर्मोखेनेस तुआनामा ती पेटी घेऊन आला
मोटोकारच्या मागच्या बाकावर, झोळीत गुंडाळून,
तापलेलं पोर आणावं तशी.
"शनिवारी नाच आहे, यारिनाकोचाला," एवढंच बोलला
आणि दारातल्या खोक्यावर बसून केळी सोलू लागला.
पुकाल्पात कुणालाच घाई नसते,
फक्त शनिवारची असते.

सहा स्क्रू. चार निघाले.
पाचव्याचं डोकं झिजून गुळगुळीत,
सहाव्याच्या जागी कुणीतरी खिळाच ठोकलेला.
माझ्या आधीचे हात मला असेच भेटतात,
नावाशिवाय, घाईत.

झाकण उचललं तशा मुंग्या निघाल्या
अंडी तोंडात धरून.
ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला गाव वसलं होतं त्यांचं.
मी ब्रश बाजूला ठेवला.
भाडेकरू होत्या, चोर नव्हत्या;
सामान आवरेपर्यंत थांबले.

मग पाहणी.
आधी नाकाने : करपलेलं बेकेलाइट,
त्याखाली शिळ्या मासळीचा वास,
म्हणजे कॅपॅसिटर गळलेत.
मग बोटाने : टेप दाबून धरणारं चाक
काकवीसारखं पाघळलेलं, बोट सोडेना.
रबर या जंगलातलंच म्हणतात,
पण हे एवढंसं चाक मला लिमाहून मागवावं लागतं.
मग डोळ्यांनी : हेडवर तपकिरी भुकटी,
टेप झिजता झिजता मागे ठेवून गेलेली,
इतक्या रात्रींच्या वाजवण्याचा कीस.

वीज सगळ्यात शेवटी.
अधीर माणसं आधी वीज लावतात
आणि मग धुराला प्रश्न विचारतात.

तीन दिवस गेले.
फुगलेले कॅपॅसिटर उपटले, नवे झाळले,
पार्सलात दोन चुकीचे निघाले, त्यात एक दिवस.
हेड पुसत राहिले, कापूस काळा निघाला,
मग करडा, मग पांढरा.

टेपचं वेटोळं मात्र तसंच ठेवलं.
चार सेकंदांचं ते. या पेट्यांची रीतच अशी :
आधी पुसायचं, मग लिहायचं,
मग तेच पुन्हा पुन्हा ऐकवायचं, दर खेपेला थोडं फिकट.
म्हणून शेवटच्या रात्री वीज गेली
त्याच्या आधीचे चार सेकंद
अजून तिथेच असणार.
पुसणाऱ्या हेडची तार मी सोडवली
आणि त्याला आत बोलावलं.

"शेवटी कुणी वाजवली ही?"
"अडाल्बेर्तोने. भाऊ."
हातातलं साल त्याने खिशात घातलं.
"नऊ वर्षं झाली."

मोटर फिरली. खरखर.
मग गिटारची एक तार. पुन्हा तीच, जुळवत असल्यासारखी.
खोकला.
मग लांबून कुणीतरी : "जनरेटर बंद करतोय रे!"
खरखर.
तार, तार, खोकला, जनरेटर.
तार, तार, खोकला.

मी पक्कड शोधत असल्याचं दाखवलं.
ती माझ्या हातातच होती.

"पाचवी," तो म्हणाला. "कायम उतरलेली.
बायको गेली, दात गेले,
पण गाढवाची पाचवी तार काही वर चढली नाही."
अकराव्या की बाराव्या फेऱ्याला
त्याने तळहात वर केला. "पुरे."

मी म्हणाले, नवी टेप आहे माझ्याकडे.
ही काढून देते, डबीत ठेव.
"डबीत काय करणार तो?
तार जोड. हीच राहू दे.
माझं वाजवणं त्याने जन्मभर पुसलं,
आता माझी पाळी."

झिजलीय, मी म्हणाले, मध्यरात्रीपर्यंतच टिकेल.
"नाच तेवढाच असतो."

मग मी इस्त्री तापवली, तार जागेवर धरली.
झाळ थिजायला दोन-तीन सेकंद लागतात.
तेवढ्यात हात हलला तर
सांधा वरून धरल्यासारखा दिसतो,
आतून कच्चा राहतो.
हात हलू दिला नाही.
दारात तो दुसरं केळं सोलत होता.